मुळी, गोळी आणि मजुरी

मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला. मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरवर या मार्गावर डहाणू रोड स्टेशन लागते. या मार्गाच्या एका टोकाला मुंबईत आणि दुसऱ्या टोकाला अहमदाबादेत, दोन डॉक्टरांनी जवळजवळ एकाच काळात एकाच वनस्पतीच्या मुळीवर काम केले. त्या कामाचा धागा धरून अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांत औषधोपचाराचे नवे पर्व सुरू झाले. ही हकिकत १९४९ ते १९५४ या पाच वर्षांतली आहे. त्याच पाच वर्षांत या दोन टोकांच्या मध्ये, डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर, ज्याचे मन बिघडले त्याच्या वाट्याला काय येत होते? भगत, दोरखंड, आणि फार झाले तर ठाण्याच्या इस्पितळाची भिंत. गाडी रोज धावत होती. औषध मात्र डहाणूस उतरले नाही. ते का उतरले नाही आणि पुढे थोडेथोडे कसे उतरू लागले, हे आज सांगावयाचे आहे.

आम्ही वैद्य नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. कामगार संघटनेचे काम करता करता केस पांढरे झाले, एवढीच आमची पदवी. कामगाराच्या खिशात मालकाची नोटीस सापडते तशी डॉक्टरची चिठ्ठीही सापडते. नोटिसा वाचता वाचता चिठ्ठ्याही वाचाव्या लागल्या, आणि त्या समजेनात म्हणून पुस्तके वाचावी लागली. तेव्हा कोणती गोळी कोणी घ्यावी हे श्रोत्यांनी आम्हांला विचारू नये. ती गोळी कोठून आली आणि कोणापर्यंत पोहोचली नाही, हे विचारावे.

प्रथम मुळीची गोष्ट. सर्पगंधा ही कोकणच्या दमट जंगलांत आणि हिमालयाच्या पायथ्याला होणारी लहानशी वनस्पती. बिहारकडे तिच्या मुळीला ‘पागल की दवा’ असेच नाव होते. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कलकत्त्याच्या दोघा वैद्यक-पंडितांनी एक निबंध छापला. उन्माद आणि रक्तदाब या दोन्ही विकारांवर ही मुळी गुणकारी आहे, असे त्यांनी त्यात लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतले शुद्ध क्षार वेगळे काढले आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमलखानांचे नाव दिले. कलकत्त्यालाच रामनाथ चोप्रा यांनी पुढे हे काम चालवले. म्हणजे निबंध होता, रसायन होते, आणि बाजारात मुळीचे चूर्णही मिळत होते. परंतु हिंदुस्थानच्या बाहेर कोणी कान दिला नाही. गुलाम देशातला शोध हा शोध नसून ‘देशी उपचार’ असतो.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातले रुस्तम जाल वकील हे हृदयरोगाचे डॉक्टर. दहा वर्षे त्यांनी ही मुळी रक्तदाबाच्या रोग्यांना दिली, आणि १९४९ साली पन्नास रोग्यांची हकिकत इंग्लंडातल्या हृदयरोगाच्या एका मान्यवर नियतकालिकात छापली. तेथे मात्र जगाने मान वळवली. स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतला मुख्य अंश शुद्ध रूपात वेगळा केला, तो रेसर्पिन. पुढच्याच वर्षी अहमदाबादचे डॉक्टर आर. ए. हकीम यांनी बडोद्याच्या वैद्यक परिषदेत, मनोविकारांवर देशी औषधांचा उपयोग या विषयावर निबंध वाचला. त्याची बातमी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आली, आणि तेथील रॉकलंड इस्पितळातले नेथन क्लाइन यांच्या नजरेस ती पडली. क्लाइन यांनी शेकडो रोग्यांवर प्रयोग करून १९५४ साली निष्कर्ष छापले.

१९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार वकील आणि क्लाइन या दोघांनाही मिळाला. वकिलांचा गौरव रक्तदाबासाठी होता, क्लाइन यांचा मनोविकारासाठी. हकीम यांचे नाव त्या यादीत नव्हते. सेन आणि बोस यांचेही नव्हते. ‘पागल की दवा’ हे नाव ज्यांनी ठेवले त्या बिहारी खेडुतांचा तर प्रश्नच नव्हता. संघटनेत राहिलेल्या माणसाला या गोष्टीचे नवल वाटत नाही. माल कोण पिकवतो आणि छाप कोणाची बसते, हा आमचा रोजचाच विषय आहे.

या मुळीपूर्वी काय होते? कायदा होता आणि भिंत होती. १८५८ च्या कायद्याने वेड्यांच्या आश्रयगृहांची घडी बसली आणि १९१२ च्या कायद्याने ती पक्की झाली. माणूस इस्पितळात जाई तो बहुधा पोलिसाच्या हाताने आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. ठाण्याचे नरोत्तमदास माधवदास इस्पितळ विसाव्या शतकाच्या अगदी आरंभीचे. २०१४ साली पालघर जिल्हा निराळा होईपर्यंत डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते, त्यामुळे ते इस्पितळ आमच्याच जिल्ह्याचे म्हणावयाचे. आमच्या भागात ‘ठाण्याला घालीन’ ही शिवी झाली आहे. शिवी देणारांपैकी कित्येकांनी ठाणे पाहिलेले नसते.

भिंतीच्या आत उपचार म्हणजे झोप आणणारी ब्रोमाइड आणि पॅराल्डिहाइड. पुढे मलेरियाचा ताप मुद्दाम आणणे आले, इन्सुलिन देऊन बेशुद्ध करणे आले, आणि १९३८ नंतर विजेचा झटका आला. यांतले काही उपाय काही रोग्यांना खरोखर उपयोगी पडले. मलेरियाच्या उपचाराला तर १९२७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे सारे भिंतीच्या आतच करता येण्याजोगे होते, आणि भिंतीच्या आत जागा किती होती? भोर समितीने १९४६ साली हिशेब दिला. साऱ्या हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या. म्हणजे चाळीस हजार लोकांमागे एक. इंग्लंडात तेव्हा तीनशे लोकांमागे एक खाट होती. या हिशेबाने आजच्या डहाणू तालुक्यासारख्या एका तालुक्याच्या वाट्याला पुरत्या डझनभर खाटाही येत नाहीत.

आता गोळीकडे वळू. तिचा जन्म इस्पितळात झाला नाही, रंगाच्या कारखान्यात झाला. गिरणगावातल्या श्रोत्यांना हे ऐकून बरे वाटेल. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत कापड रंगवण्यासाठी मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग निघाला. त्या रंगाची घडण तपासताना १८८३ साली फेनोथायझिन हे द्रव्य सापडले. ते बरीच वर्षे पडून होते. १९५० च्या डिसेंबरात फ्रान्समधल्या रोन-पुलेंक कंपनीच्या शार्पांतिये या रसायनशास्त्रज्ञाने त्याच कुळातले क्लोरप्रोमाझिन तयार केले. लाबोरी नावाच्या नौदलातल्या शल्यवैद्याच्या ध्यानात आले, की शस्त्रक्रियेपूर्वी हे दिलेला रोगी बेशुद्ध न होता शांत आणि निर्विकार होतो. १९५२ साली पॅरिसच्या सेंट-ॲन इस्पितळात डले आणि डेनिकर यांनी ते भ्रमिष्ट रोग्यांना दिले. जे वॉर्ड आरडाओरड्याने भरलेले असत तेथे बोलणे ऐकू येऊ लागले. काही वर्षांत हीच गोळी ‘लार्गॅक्टिल’ नावाने हिंदुस्थानातही आली.

दुसरी गोळी क्षयाच्या दवाखान्यातून निघाली. न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू इस्पितळात १९५२ साली क्षयरोग्यांवर एका नव्या औषधाचा प्रयोग चालू होता. फुप्फुसे सुधारण्याआधीच रोग्यांची मने उल्हसित झाली. खिन्नतेवरच्या औषधांचा एक प्रवाह तेथून निघाला. दुसरा १९५७ साली स्वित्झर्लंडच्या रोलंड कून यांनी इमिप्रामिनवर जे काम केले त्यातून निघाला. त्या औषधाचे कूळही रंगाच्या रसायनाचेच. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी त्याआधीच, १९४९ साली दाखवला होता. म्हणजे सात-आठ वर्षांत मनोविकाराच्या औषधांची जवळजवळ सारी मोठी घराणी जन्मास आली, आणि त्यांतले एकही मनाचा सिद्धांत मांडून शोधलेले नव्हते. रंग, क्षय, शस्त्रक्रिया आणि जुनी मुळी यांच्या वाटेने ती आली. आम्हांला यात कमीपणा वाटत नाही. वाफेचे इंजिनही आधी चालले आणि त्याचे शास्त्र मागाहून आले.

या गोळीची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. रेसर्पिन घेणाऱ्या काहींना गाढ खिन्नता आली, हे पहिल्या काही वर्षांतच वैद्यांच्या लक्षात आले, आणि मनोविकारावर त्याचा वापर मागे पडला. क्लोरप्रोमाझिन आणि त्याच्या भावंडांनी हात कापू लागतात, अंग ताठते, लाळ गळते, पाय एका जागी ठरत नाहीत. क्लोझापिन हे फार गुणकारी औषध. पण १९७५ साली फिनलंडात त्याने रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होऊन काही रोगी दगावले. तेव्हापासून ते घेणाराचे रक्त वेळोवेळी तपासावे लागते. आणि औषधाने रोगाऐवजी माणसालाच गप्प करता येते. सोव्हिएत रशियात सरकारविरुद्ध बोलणाऱ्यांना वेडे ठरवून इस्पितळात कोंडले आणि सुया टोचल्या. त्यावरून जगभर एवढी टीका झाली, की १९८३ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांची संस्था जागतिक संघटनेतून बाहेर पडली. लाल बावट्याखाली वाढलेल्या आमच्यासारख्यांनी हे आधी सांगावे, दुसऱ्याने सांगण्याची वाट पाहू नये.

एवढे सांगूनही आमचे मत असे, की या गोळ्यांनी भिंतीला पहिली खिंड पाडली. झटका आणि इन्सुलिन यांना इस्पितळ लागते. गोळी खिशात मावते. ज्या उपचारासाठी माणसाला घरादारापासून तोडावे लागे तो उपचार घरी नेता येईल, ही शक्यता तिने निर्माण केली. पण शक्यता म्हणजे पोहोच नव्हे. येथे आपण डहाणूस उतरू.

या मुलखाचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते १९४५ च्या वारली उठावामुळे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची परिषद भरली आणि वेठ बंद झाली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने हे काम केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीचा लढा पेटला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, ही मागणी होती. तलवाड्याच्या गोळीबारात पाच वारली ठार झाले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक पुष्कळांनी वाचले असेल. आम्ही त्यातून एक गोष्ट शिकलो. अन्यायाची मागणी ‘आम्हांला माणसासारखे वागवा’ एवढ्यावर थांबवू नये. ती पौंडात आणि रुपयांत मांडावी, म्हणजे नाकारणाऱ्याला आकड्यापुढे उभे राहावे लागते. औषधाच्या बाबतीत हे गणित मांडायला आम्हां संघटनावाल्यांची पुढची पन्नास वर्षे गेली. जंगल, जमीन, मजुरी यांचे मोर्चे निघाले. मन बिघडलेल्या माणसाचा मोर्चा निघत नाही.

तो भगताकडे जातो. भगताविषयी शहरातल्या सभेत बोलताना हशा पिकवणे सोपे आहे. आम्हांला ते पसंत नाही. भगत त्याच पाड्यावरचा असतो. रात्री हाक मारली तरी येतो. तांदळाचे दाणे पाहतो, हिरव्या देवाचे नाव घेतो, आणि रोग्याच्या भोवती सारे गोत जमवतो. त्याच्याकडे जाण्यासाठी मजुरी बुडवावी लागत नाही, आणि तो वारली बोलीत बोलतो. यांतली एकही गोष्ट ठाण्याच्या इस्पितळाला फार वर्षे करता आली नाही. परंतु हाच भगत जेव्हा रोगाचे कारण म्हणून एखाद्या बाईकडे बोट दाखवतो आणि ती भुताळी ठरते, तेव्हा तिचे घर, जमीन, प्रसंगी जीवही जातो. बोट बहुधा विधवेकडे किंवा एकट्या बाईकडे वळते, आणि तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असला तर फारच लवकर वळते. २० ऑगस्ट २०१३ रोजी डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्या वर्षाअखेर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने वा साखळीने बांधणे आणि मारणे त्यात गुन्हा ठरले. कायदा योग्यच आहे. पण भगताच्या हातातली दोरी काढून घेतल्यावर रोग्याच्या हातात काय द्यावयाचे, याचे उत्तर त्या कायद्यात नाही; तेथे ते असावे अशी अपेक्षाही नाही.

याच लोहमार्गाने अहमदाबादेस जाऊन पुढे मेहसाण्याच्या वाटेला लागले, की उनावा येथे मीरा दातारचा दर्गा आहे. मन बिघडलेल्यांना घेऊन मुंबईपासूनची माणसे तेथे जातात. २००८ च्या सुमारास तेथे एक प्रयोग सुरू झाला. त्याला ‘दवा-दुआ’ म्हणतात. मुजावर दुआ देतो, आणि तोच रोग्याला जवळच्या डॉक्टरकडे गोळीसाठी पाठवतो. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागून साखळीने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. उनाव्याचे महत्त्व त्यापुढे ठेवून पाहावे. दोन्हीकडे श्रद्धा तीच होती. एकीकडे साखळी होती, दुसरीकडे चिठ्ठी. डहाणू-तलासरीतले जे भगत ऐकतील त्यांच्याशी असाच करार करावा, असे आमचे मत आहे. आमचे काही पुरोगामी मित्र यावर रागावतात. त्यांनी आठ दिवस पाड्यावर राहून मग रागवावे.

आता गणित मांडू. तलासरीच्या आतल्या पाड्यावरून ठाण्यास जावयाचे तर प्रथम जीप किंवा एस. टी., मग डहाणू रोडहून गाडी, दादरला उतरून दुसरी गाडी. रोग्याबरोबर एक शहाणे माणूस लागतेच. म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. त्या दिवशी परत येणे जमले नाही तर दोन दिवसांची बुडाली. महिन्याची गोळी घेण्यासाठी दर महिन्याला चार रोजांची मजुरी मोजावी लागली, तर सरकारने गोळी फुकट दिली तरी ती फुकट होत नाही. लोक तीन महिने जातात, रोगी बरा दिसू लागला की थांबतात. गोळी एकदम बंद झाली की बहुतेकांचा रोग उलटतो. मग शेजारी म्हणतात, औषधाने काही झाले नाही.

आणि वर्ष कोठे एका जागी जाते? दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. कोणी भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर, कोणी सौराष्ट्राच्या बंदरांतून मासेमारीच्या बोटीवर खलाशी. खलाशी एकदा बोटीवर चढला की पावसाळ्यालाच घरी येतो. मधल्या काळात पाकिस्तानच्या जहाजाने पकडले तर कराचीच्या तुरुंगातून केव्हा येईल ते सांगता येत नाही. या माणसाला ‘दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी या’ असे सांगणारी चिठ्ठी म्हणजे एका ठिकाणी मुक्काम असलेल्या माणसासाठी लिहिलेली चिठ्ठी आहे.

याहून बारीक एक गोष्ट आहे. ती आम्हांला पुस्तकांत सापडली आणि भट्टीवर पटली. क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्याची कातडी उन्हाने लवकर भाजते. हात कापू नयेत म्हणून जी जोडगोळी देतात तिने घाम कमी येतो, आणि उन्हात घाम न येणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले, तर रक्तातले लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. या गोळ्या पॅरिसच्या आणि न्यूयॉर्कच्या छपराखाली बसलेल्या रोग्यांवर तपासल्या गेल्या. एप्रिलच्या उन्हात वीट थापणाऱ्या बाईवर तपासल्या गेल्या नाहीत. म्हणून गोळी देऊ नये असे नव्हे. डॉक्टराने नावाच्या आधी धंदा विचारावा, एवढेच.

डहाणूत फुग्यांचे कारखाने आहेत. तशा एका कारखान्यातला आमचा एक सभासद गोळी चालू झाल्यावर यंत्रापाशी पेंगू लागला. मुकादमाने तो ताडी पिऊन येतो असा शेरा मारला. त्याने नोकरी टिकवण्यासाठी गोळी सोडली. दोन महिन्यांत त्याला पुन्हा आवाज ऐकू येऊ लागले आणि नोकरीही गेली. संघटनेने दोन गोष्टी केल्या. डॉक्टरना भेटून दिवसाची मात्रा रात्री एकत्र देता येते का हे विचारले. ती देता येत होती. मालकाला भेटून त्याची रात्रपाळी बंद करून घेतली. माणूस कामावर परत आला. त्यासाठी कोणतेही नवे औषध शोधावे लागले नाही. आमच्या साऱ्या अनुभवात औषधोपचार म्हणून काही यशस्वी झालेले असेल तर ते असेच: गोळी, पाळी आणि घरचे माणूस ही तिन्ही जुळली तेव्हा.

संघटित कामगाराला आणखी एक आधार आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. कामगार राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली. तिच्यात दीर्घ आजारांची एक यादी आहे; क्षय, कुष्ठरोग, कर्करोग यांच्याबरोबर तीव्र मनोविकारही तीत घातलेले आहेत. अटी पुऱ्या केलेल्या कामगाराला अशा आजारात वेतनाच्या ऐंशी टक्के रक्कम दोन वर्षांपर्यंत मिळू शकते. पण विमा कोणाचा? ज्याचे नाव हजेरीपटावर आहे त्याचा. बोईसरजवळ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची कच्ची द्रव्ये करणारे कारखाने आहेत, आणि तेथे डहाणू-तलासरीची पोरे कंत्राटदाराच्या हाताखाली पिंपे वाहतात. कंत्राटदार पुष्कळदा त्यांची वर्गणी भरत नाही. चिकूच्या वाडीत काम करणाऱ्याला, वीट थापणाऱ्याला, खलाशाला तर कागदावरही विमा नाही. ज्या जंगलात मुळी होती आणि ज्या कारखान्यात औषधाचे द्रव्य होते, तेथल्या माणसाला गोळीसाठी ठाण्याची गाडी पकडावी लागते.

गोळी घरापर्यंत नेता येते, हे या देशात क्षयाच्या बाबतीत सिद्ध झालेले आहे. मद्रासला १९५६ साली प्रयोग सुरू झाला आणि १९५९ साली निष्कर्ष निघाला: झोपडीत राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. मनोविकाराच्या बाबतीत अमृतसरच्या डॉक्टर विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रोग्यांच्या नातेवाइकांना इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले. रोगी लवकर घरी जाऊ लागले. १९७५ च्या सुमारास चंदीगडच्या डॉक्टरांनी हरयाणातल्या रायपूर राणीत आणि बंगळूरच्या डॉक्टरांनी साकलवाऱ्यात खेड्यातच उपचार करून पाहिले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम झाला. पुढे बल्लारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्राचे साधे डॉक्टर थोडक्या शिक्षणानंतर मोजकी औषधे देऊ शकतात हे दिसले, आणि १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम निघाला. या साऱ्या तारखा वाचताना एक जाणवते. काय करावे हे कळायला उशीर लागला नाही. कळल्यावर ते करायला वीस-वीस वर्षे लागली.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम १८ आम्ही पुनःपुन्हा वाचले. आवश्यक औषधांच्या यादीतली मनोविकाराची औषधे सरकारी ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या प्रत्येक रुग्णालयात सर्वकाळ विनामूल्य मिळाली पाहिजेत, असे ते म्हणते. ‘सर्वकाळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. साठा संपला हे उत्तर कायद्यात बसत नाही. सेवा भौगोलिकदृष्ट्या जवळ असली पाहिजे आणि लांबचा प्रवास करावा लागू नये, असेही तेथे आहे. तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे; डहाणू आणि कासा येथे त्याहून मोठी रुग्णालये आहेत. म्हणून आमची मागणी गवताच्या मागणीसारखी आहे. अमुक गोळ्या, इतक्या, अमुक रुग्णालयात, स्थलांतराला जाणाऱ्याला दिवाळीपूर्वी तीन महिन्यांच्या, भट्टीच्या गावी पुढच्या मिळतील अशा चिठ्ठीसह. दर महिन्याला साठ्याची यादी दारावर लावावी.

त्याच कायद्याचे कलम २२ पुष्कळ जण वाचत नाहीत. रोग्याला त्याचा आजार, उपचार आणि औषधाचे ज्ञात दुष्परिणाम समजेल त्या भाषेत सांगितले पाहिजेत, असे ते म्हणते. खोक्यातला कागद इंग्रजीत असतो. डॉक्टर मराठीत सांगतात, आणि तीही शहराची मराठी. तलासरीकडल्या एका आशा कार्यकर्तीने यावर स्वतःच उपाय काढला. तिने पाकिटांवर पेनने सूर्य आणि चंद्र काढले, वारली लग्नाच्या चौकात काढतात तसे. सूर्याच्या पाकिटातली गोळी सकाळी, चंद्राच्या पाकिटातली रात्री. चंद्राच्या पाकिटावर तिने एक मडकेही काढले होते. आम्ही विचारले, हे कशाला? ती म्हणाली, ‘ही लिथियमवाली हाय. हिला भट्टीवर जायचा हाय. पानी पी, असा लिवलाय.’